लेकराच्या उंचीवरचा आरसा: सोलापूरच्या नवी पेठेतल्या चष्म्याच्या दुकानाबद्दल

पाचपैकी चार तारे देते आहे. लिहिता लिहिता लांबलं, पण ज्यांच्या घरात तिरळ्या डोळ्याचं लेकरू आहे त्यांना यातलं बरंच कामाला येईल, म्हणून काही गाळलं नाही.

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला आहे, चौदा वर्षं झाली. माझा डावा डोळा तिरळा आहे. लहानपणी तो आत नाकाकडं जायचा, वय वाढलं तसा बाहेर जायला लागला. त्या डोळ्यानं समोर माणूस उभा आहे एवढं कळतं, कोण आहे ते कळत नाही. सुईत दोरा ओवताना मी दोऱ्याचं टोक आधी सुईला टेकवते आणि मग सरकवत सरकवत भोक शोधते, कारण सुई नेमकी किती लांब आहे हे एका डोळ्यानं उमजत नाही. हे आधीच सांगते, कारण माझी लेक गौरी हिचाही डोळा तिरळा आहे, उजवा. ती पावणेसहा वर्षांची आहे आणि येत्या जूनला पहिलीत जाईल. या दुकानातून घेतलेला चष्मा तिचा.

गौरी अडीच वर्षांची असताना मला पहिल्यांदा दिसलं. दारात शेंगा फोडत बसली होती. हातातल्या शेंगेकडं बघितलं की उजवी बाहुली नाकाकडं सरकायची, मान वर करून माझ्याकडं बघितलं की परत जागेवर. माझ्या पोटात खड्डा पडला. दोन महिने मी कुणाला काही बोलले नाही. बोलले असते तर पहिलं वाक्य काय येणार हे मला माहीत होतं, "आईवर गेलीय." आणि आलंच ते. सासूबाईंनी वेगळं सांगितलं, "तिरळं लेकरू भाग्याचं असतंय, घरात लक्ष्मी आलीय, दवाखान्यात नेऊन नजर लावू नको." शेजारच्या मावशी म्हणाल्या, "मोठी झाली की आपोआप जातंय." अगदी हेच वाक्य माझ्या आईला पस्तीस वर्षांमागं कुणीतरी सांगितलं होतं. आई साखर पेठेत विड्या वळायची, आम्ही चार भावंडं, वडिलांची मागाची पाळी. तिला मी दोष देत नाही. पण डोळ्याचं शिकायचं वय तेवढ्यात निघून गेलं, ते माझं परत आलं नाही.

गौरीचं वेळेत कळलं ते अंगणवाडीमुळं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते, सगळ्या पोरांना तपासतात. त्या डॉक्टरांनी गौरीच्या तोंडासमोर छोटी बॅटरी धरली. उजेडाचा ठिपका डाव्या बाहुलीत मधोमध पडला होता आणि उजव्या डोळ्यात बाहेरच्या कडेला. त्यांनी मला वाकून बघायला लावलं. म्हणाले, काही लेकरांचं नाक रुंद असतं, कोपऱ्यावर कातडी असते, म्हणून नुसतंच तिरळं वाटतं, पण तशा लेकरांचा ठिपका दोन्हीकडं मधोमध येतो. हिचा येत नाही. थांबू नका. चिठ्ठी लिहून दिली.

मग लहान मुलांच्या डोळ्यांच्या डॉक्टर मॅडम. तीन दिवस घरी डोळ्यात अॅट्रोपिनचं मलम घालायला दिलं. बाहुल्या एवढ्या मोठ्या झाल्या की लेकरू उन्हात डोळे उघडेना, पुढं आठवडाभर जवळचं चित्र दिसेना म्हणून रडायची. पण त्याशिवाय लहान लेकराचा खरा नंबर निघतच नाही. लेकराच्या डोळ्यातलं भिंग फुगून आपला नंबर आपणच लपवतं, मलमानं तो ताण सुटतो तेव्हा खरं काय ते दिसतं. उजव्याला साडेपाच प्लस आणि डाव्याला साडेचार प्लस निघाला. मॅडमनी समजावलं ते असं: एवढा प्लस नंबर असला की लेकराला स्पष्ट बघायला डोळ्यावर जोर द्यावा लागतो, आणि जवळचं बघायला जोर दिला की दोन्ही डोळे आत वळणं ही शरीराची जोडगोळीच आहे. जोर जास्त, म्हणून वळणंही जास्त. जोर देण्याचं काम चष्म्यानं घेतलं की डोळा आत जायचं कारणच उरत नाही. मला लगेच कळलं. आमच्या डबल सुईच्या मशीनवर एका दोऱ्याचा ताण जास्त झाला की शिवण गोळा होते. कापड कितीही ओढा, सरळ होत नाही. ताण सैल केला की आपसूक बसते.

दुसरी गोष्ट सांगितली ती जास्त जड होती. दोन डोळे दोन दिशांना बघत असले की मेंदूकडं दोन वेगळी चित्रं जातात, त्या गोंधळातून सुटायला लेकराचा मेंदू वळलेल्या डोळ्याचं ऐकणं सोडून देतो. डोळा आतून चांगला असतो, पण आळशी होतो. सात-आठ वर्षांपर्यंत त्याला परत कामाला लावणं सोपं असतं, नंतर अवघड होत जातं. "तुमचा डोळा असाच राहिला," मॅडम म्हणाल्या. मी मान हलवली. बाहेर येऊन पायरीवर बसले आणि गौरीला मांडीत घेऊन रडले. तिला वाटलं मलाच मलम लागलंय.

आता चष्म्याकडं येते. पहिला चष्मा दुसरीकडं केला होता. तो घातल्यावर लांबचं बघताना डोळा सरळ राहायला लागला, पण चित्र रंगवताना अजून आत जायचा. तेव्हा मॅडमनी बायफोकल लिहून दिला, म्हणजे खालच्या भागात जवळच्यासाठी आणखी नंबर. तोही तिथंच केला. दोन महिने काही फरक नाही. गौरी चष्म्याच्या वरच्या भागातूनच वहीकडं बघायची आणि डोळा आत. मी तिला रागवत राहिले, "खालून बघ, खालून बघ." त्याबद्दल मला आजही वाईट वाटतं, कारण चूक लेकराची नव्हतीच.

या दुकानात मी गेले ते काडी घट्ट करायला. आमच्या वस्तीतल्या एका ताईनं सांगितलं होतं की दुकानाचे काका फुकट घट्ट करून देतात. नवी पेठेत गर्दीच्या गल्लीत, खाली साड्यांचं दुकान आणि वर हे, जिना अरुंद. काकांनी काडी घट्ट केली, चष्मा गौरीच्या नाकावर ठेवला आणि तिथंच थांबले. खाली उकिडवे बसले, गौरीच्या तोंडासमोर तोंड आणलं आणि म्हणाले, "ही रेघ आजोबांच्या चष्म्याची आहे गं बाळा, तुझी नाही."

म्हाताऱ्या माणसाच्या बायफोकलची रेघ, म्हणजे वरचा आणि खालचा नंबर जिथं मिळतात ती, खालच्या पापणीशी ठेवतात, कारण त्याला वाचायचं असलं की तो आपणहून नजर खाली करतो. तिरळ्या डोळ्याच्या लेकराची रेघ बाहुलीच्या मधोमध यावी लागते. लेकरू नजर खाली करत नाही, ते जिथून दिसतं तिथून बघतं. रेघ वर असली तर जवळचं बघताना त्याला खालच्या नंबरातून बघावंच लागतं. मॅडमच्या चिठ्ठीवर तसं लिहिलेलंही होतं, पहिल्या ठिकाणी कुणी वाचलं नव्हतं. दोन महिने मी लेकरावर ओरडले ते एका न वाचलेल्या ओळीपायी.

काकांनी माप घेतलं ते बघण्यासारखं होतं. साध्या काचेची फ्रेम गौरीला घातली, आपण तिच्या उंचीला बसले आणि तिला म्हणाले, माझ्या कपाळावरच्या गंधाकडं बघ. ती बघत असताना काचेवर पेननं बाहुलीची जागा टिपली, उजवी आणि डावी वेगवेगळी. दोनदा उठवून, चालवून, परत बसवून टिपली. मग नाकाची रुंदी बघितली, कारण लहान लेकराचं नाक चपटं, फ्रेम घसरली की रेघही घसरते आणि सगळी मेहनत वाया. कानामागं वळणाऱ्या मऊ काड्या आणि मागून रबराचा पट्टा घातला. काच पॉलिकार्बोनेटची, पडली तरी फुटून डोळ्यात जाणार नाही अशी. भिंगं पुण्याहून यायची होती, आठवडा सांगितला आणि अकरा दिवस लागले. फ्रेमसकट दोन हजार सहाशे पन्नास रुपये झाले. माझ्या पगाराला ते जड आहे. काकांनी दोन हप्त्यात घेतले.

दुकानात एक आरसा जमिनीपासून दीड-दोन हात उंचीवर लावलेला आहे. मोठ्या माणसाला त्यात आपलं पोट दिसतं. लेकराला चेहरा दिसतो. मी आजवर जेवढ्या दुकानांत गेले तिथं लेकराला उचलून आरशात दाखवतात आणि मोठी माणसंच ठरवतात, "ही छान दिसते." इथं काकांनी पाच फ्रेमा गौरीच्या हातात दिल्या आणि आमच्याकडं पाठ करून काहीतरी आवरत बसले. तिनं वेळ घेतला. जांभळी निवडली. मला तपकिरी हवी होती, कमी उठून दिसणारी. मी तसं म्हणाले तेव्हा काका हळूच म्हणाले, "ताई, लपवायला घेतलेला चष्मा लेकरू लपवूनच ठेवतंय."

हे मला लागलं, कारण लपवणं हेच मी आयुष्यभर केलंय.

चौथीत असताना माझ्यावर कॉपीचा आळ आला. मी माझ्याच पेपरकडं बघत होते, पण डावी बाहुली शेजारच्या मुलीच्या पेपरकडं होती. बाईंनी कान धरून उभं केलं. मी सांगितलं, "बाई, मी बघितलं नाही," आणि सांगताना मी त्यांच्याकडं बघत होते, तर त्या ओरडल्या, "अजून तिकडंच बघायलीस!" वर्ग हसला. त्या दिवसापासून मी कुणाशी बोलताना पायांकडं बघून बोलायला लागले. सगळ्यांना वाटायचं पोरगी लाजाळू आहे. मी लाजाळू नव्हते. हादग्याच्या गाण्यात माझा आवाज सगळ्यांत वर असायचा, कारण तेव्हा सगळ्याजणी मधल्या पाटावरच्या हत्तीकडं बघायच्या, माझ्याकडं नाही.

पोरं चकणी म्हणायची, हेकणी म्हणायची, "लुकिंग लंडन टॉकिंग टोकियो" म्हणायची. शब्द एक वेळ सोसतात. मला जास्त खोल गेलेली गोष्ट वेगळी आहे. मी कुणाला हाक मारली की तो माणूस मागं वळून बघायचा, ही कुणाशी बोलतेय म्हणून. रोज, दिवसातून पाच-दहा वेळा. समोरच्याचा काही वाईट हेतू नसतो. पण लहान लेकराला दिवसातून दहा वेळा कळतं की मी तुझ्याशी बोलतेय हे तुला पटत नाहीये. मग ते बोलणं कमी करतं. बसमध्ये एका बाईनं मला झापलं होतं, "काय टकामका बघतीस?" मी खिडकीबाहेर बघत होते. लग्नाच्या वेळी बघायला येणाऱ्यांसमोर आई मला भिंतीच्या अशा बाजूला बसवायची की उजवीकडूनच दिसावी. पाच घरं उठून गेली. सहावा माझा नवरा, त्यानं चहाचा कप खाली ठेवून सरळ विचारलं, "दुखतं का ओ?" दुखत नाही म्हणाले. दुखतं का, हे तोवर कुणी विचारलंच नव्हतं.

हे गौरीच्या वाट्याला येऊ नये एवढीच माझी धडपड आहे, आणि मला वेळ किती आहे हेही मॅडमकडूनच कळलं. स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांनी एक साधा अभ्यास केलाय. ३ ते १२ वर्षांच्या ११८ मुलांना जुळ्या लेकरांचे फोटो दाखवले, एकाच लेकराच्या फोटोवरून कंप्युटरवर बनवलेली, अगदी सारखी, फरक फक्त सदऱ्याच्या रंगाचा आणि डोळ्यांचा, एकाचे डोळे तिरळे केलेले. विचारलं, वाढदिवसाला यातल्या कुणाला बोलवशील? सहाच्या आतल्या पोरांना फारसा फरक पडला नाही. सहा आणि त्यापुढची मुलं तिरळ्या लेकराला कमी वेळा निवडत होती. मी ते ऐकलं आणि डोक्यात जून महिना पक्का बसला. बालवाडीतली पोरं गौरीच्या चष्म्याला हात लावतात, घालून बघतात, विसरून जातात. पहिलीतली पोरं विसरणार नाहीत. मला माझी पहिली आठवते.

खरं तर सुरुवात झालीच होती. मागच्या दिवाळीनंतर आमच्या वाड्यात एका पोराचा वाढदिवस होता. गौरी गेली होती, केक खाल्ला. फोटोच्या वेळी एका मोठ्या मुलीनं तिला हाताला धरून मागच्या रांगेत नेलं. "तू इकडं थांब, तुझा डोळा फोटोत येतो." ती मुलगी दुष्ट नाही, तिला वाटलं ती मदत करतेय. गौरी घरी येऊन म्हणाली, "आई, माझा डोळा फोटोत आला नाही," जणू काही चांगलं झालं. दुसऱ्या दिवसापासून ती बोलताना हनुवटी छातीला टेकवायला लागली. मी ती मान ओळखली.

तर दुकानाचं काम फक्त काच बसवण्याचं नाही, हे मला इथं कळलं. दुसऱ्या खेपेला चष्मा घालून बघताना काका मला म्हणाले, "ताई, एक विचारू? तुमच्याशी बोलताना मी कुठल्या डोळ्याकडं बघू?" अडतीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. लोक एका डोळ्याकडं बघतात, मग दुसऱ्याकडं, मग गोंधळून गळ्यातल्या मण्यांकडं बघतात. मी सांगितलं, उजव्याकडं. तेव्हापासून ते बरोबर उजव्या डोळ्याकडं बघून बोलतात. गौरीनं ते ऐकलं असणार. घरी जाताना बसमध्ये तिनं माझी हनुवटी धरून फिरवली आणि म्हणाली, "आई, तुझा हा डोळा माझा." जे शिक्षक हे वाचत असतील त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, तिरळ्या लेकराला एकदा एकट्याला बाजूला घेऊन हेच विचारा. आणि प्रश्न विचारताना नुसती नजर किंवा बोट दाखवू नका, नाव घ्या.

पट्टीबद्दल थोडं, कारण पट्ट्याही इथूनच घेते. आळशी डोळ्याला कामाला लावायचं तर चांगला डोळा रोज काही वेळ झाकतात. गौरीला रोज दोन तास सांगितली आहे. आधी मला वाटलं दोन तास म्हणजे कमी, जास्त वेळ बांधली तर लवकर सुधारेल. मॅडमनी सांगितलं की आळशीपणा मध्यम असेल तर सात वर्षांच्या आतल्या लेकरांत दोन तासांची पट्टी सहा तासांइतकीच गुण देते, अमेरिकेत २००३ साली ते तपासून झालंय. पण किती वेळ हे तुमचे डॉक्टरच ठरवतील, मनानं काही करू नका, चांगला डोळा गरजेपेक्षा जास्त झाकला तर तोही मागं पडू शकतो. काकांकडं कातडीला चिकटणाऱ्या पट्ट्या आहेत आणि चष्म्याच्या काचेवर चढवायच्या कापडीही आहेत. कापडीच्या बाजूनं लेकरू चोरून बघतं, गौरीनं पहिल्याच दिवशी शोधून काढलं. चिकटणारी पक्की, पण सोलापूरच्या उन्हाळ्यात, एप्रिल-मेच्या चाळीस-बेचाळीसमध्ये, खाली घाम येऊन कातडी लाल होते. काकांनी सांगितलं तसं मी आधी चेहरा पुसून पूर्ण कोरडा करते, पट्टी रोज थोडी फिरवून लावते आणि काढताना कोमट पाण्याचा बोळा लावते.

पट्टी आम्ही बालवाडीत लावत नाही. संध्याकाळी पाच ते सात, घरात, आणि त्या वेळात बारीक काम: तुरीतले खडे निवडणं, मणी ओवणं, माझ्या कारखान्यातून आणलेल्या टॉवेलच्या कडेचे सुटलेले धागे मोजणं. मीही तेवढा वेळ माझ्या उजव्या डोळ्यावर तिची एक पट्टी लावून बसायचे. मला काही दिसायचं नाही, दोघी मिळून खडे चाचपडत बसायचो. सासूबाई पहिले काही दिवस कुरकुरल्या, आता त्याच पाच वाजले की पट्टीचा डबा काढून ठेवतात. नजर काढायची झाली तर पट्टीच्या डब्यावरूनही मीठ-मोहरी ओवाळतात. त्याला माझी हरकत नाही. गौरीला उजव्या डोळ्यानं आधी तक्त्यावरची तिसरी ओळ दिसायची, ६/२४ (चांगल्या डोळ्याला चोवीस मीटरवरून दिसतं ते हिला सहा मीटरवरून), आता ६/९ पर्यंत आली आहे. चष्मा काढला की डोळा आजही आत जातो. घातला की लांबचं आणि जवळचं दोन्ही सरळ. चष्म्यानं डोळा "बरा झाला" असं नाही, चष्मा आहे तोवर सरळ आहे, आणि तो बरीच वर्षं लागेल. हे आधी समजून घेतलं नाही तर लोक दोन महिन्यांनी "फरक नाही" म्हणून चष्मा कपाटात टाकतात.

आता पाचवा तारा. चष्मा आल्याचं कळलं म्हणून आम्ही गेलो तेव्हा दुकानात सात-आठ गिऱ्हाइकं होती. काउंटरवरचा नवा पोरगा आत बघून मोठ्यानं म्हणाला, "काका, त्या तिरळ्या पोरीचा चष्मा आलाय का?" सगळ्या माना गौरीकडं वळल्या. तिची हनुवटी खाली गेली ती मी बघितली. त्याला वाटलं ओळखायची सोपी खूण आहे, जशी "हिरव्या साडीवाल्या बाई". काका बाहेर आले, त्यांनी पोराला गिऱ्हाइकांसमोर काही बोललं नाही, आत नेलं. नंतर त्या पोरानं स्वतः चष्म्याचा डबा आणून दिला आणि म्हणाला, "गौरी, तुझा चष्मा." तेव्हापासून डब्यांवर नावाची चिठ्ठी असते. तरीही तारा कापते, कारण ते वाक्य माझ्या लेकराच्या कानात गेलं आणि ते कानातून काढता येत नाही. काकांना सांगून कापतेय. ते म्हणाले, "कापा ताई, आणि का कापला ते लिहा."

बाकी बारीक तक्रारी. जिना फार अरुंद आहे, वय झालेल्या माणसाला त्रास होतो. लहान मुलींच्या फ्रेमा कमी आहेत. भिंगाला उशीर होतो आणि ते फोन करून कळवत नाहीत, आपणच विचारावं लागतं.

चांगली म्हणून आणखी एक गोष्ट नोंदवते. लहान लेकराचा नंबर काका आपल्या दुकानात काढत नाहीत. मशीन आहे, मोठ्यांचा काढतात, पण लेकराला "आधी डॉक्टर, बाहुली मोठी करून तपासणी, मग माझ्याकडं" म्हणून परत पाठवतात. माझ्यासमोर एका बापाला परत पाठवलं, तो चिडला, दुसऱ्या दुकानात जातो म्हणाला. काका म्हणाले, "जावा, पण चष्म्यासाठी जाऊ नका, डॉक्टरकडं जावा." ऑपरेशनबद्दल विचारलं तरी तेच. त्या बापानं ऐकलं होतं की ऑपरेशनमध्ये डोळा बाहेर काढून ठेवतात. तसं काही नसतं, मी मॅडमना विचारलेलं होतं म्हणून मीच त्याला सांगितलं: डोळा जागेवरच असतो, डोळ्याला वळवणारे सहा स्नायू असतात, त्यातला एखादा सैल किंवा घट्ट करतात, लेकराला पूर्ण भूल देऊन. काहींना परत करावं लागतं. प्रत्येक तिरळ्याला लागतंच असंही नाही, गौरीला सध्या लागत नाही. त्या माणसाचं पोरगं तीन वर्षांचं असेल, बापाच्या पायाला मिठी मारून उभं होतं, एक डोळा माझ्याकडं. मी त्याच्या त्या डोळ्याकडं बघून हसले. तोही हसला.

मॅडमनी मलाही तपासलं. दिसणं परत येणार नाही, पण डोळा सरळ करण्याचं ऑपरेशन मोठ्या वयातही होतं, असं म्हणाल्या. मी अजून ठरवलेलं नाही. नवरा म्हणतो, तुला हवं असेल तर कर, माझ्यासाठी करू नको.

या वर्षी गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या जत्रेत, नंदीध्वजांच्या उंच काठ्यांची मिरवणूक बघायला गेलो होतो. दरवर्षी नवरा गौरीला खांद्यावर घेतो आणि ती झोपून जाते. यंदा सातही मोजले तिनं, बोट दाखवून. होम मैदानावर फोटोवाल्यानं नेहमीसारखं सांगितलं, "बेबीचा चष्मा काढा, काचेवर उजेड येतोय." मी म्हणाले, चष्म्यासकट काढा, तुम्ही उभं राहायची जागा बदला. त्यानं दोन पावलं बाजूला होऊन काढला. पहिलीच्या दाखल्याला तोच लावणार आहे.

जाणाऱ्यांसाठी: डॉक्टरांची चिठ्ठी मूळची न्या, मोबाइलवरचा फोटो नको, बारीक अक्षर वाचता येत नाही. बायफोकल असेल तर रेघ बाहुलीच्या मधोमध आली आहे का हे घेताना स्वतः वाकून बघा. लेकराला शाळेनंतर लगेच नेऊ नका, दमलेलं लेकरू माप देत नाही, सकाळी न्या. फ्रेम त्याला निवडू द्या. आम्ही शनिवारी परत जाणार आहोत, गौरीच्या डाव्या काडीचा स्क्रू सैल झालाय आणि मला जवळच्या नंबरचा चष्मा लागलाय. जांभळी फ्रेम मोठ्यांच्या मापात आहे का, असं गौरीनं काकांना आधीच विचारून ठेवलंय.